ई-मेलने निरोप पोहोचतो, मग टपाल कशासाठी उरले?

मागच्या कापूस हंगामात ओळखीच्या एका व्यापाऱ्यासोबत मी जळगावातील एका वकिलांच्या कार्यालयात बसलो होतो. सरकीच्या व्यवहारापोटी मिळालेला चेक बँकेतून न वटता परत आला होता. व्यापाऱ्याने समोरच्या पार्टीला चार-पाच वेळा फोन केले होते, चेकचा आणि बँकेच्या मेमोचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता, त्यावर निळ्या खुणाही उमटल्या होत्या, आणि शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडून व्यवस्थित इंग्रजी ई-मेल लिहवून घेऊन तोही धाडला होता. वकिलांनी हे सगळे ऐकून घेतले आणि कारकुनाला सांगितले, "उद्या सकाळी नोटीस रजिस्टरने जाऊ द्या, पोचपावतीसह."

"साहेब, त्यानं सगळं वाचलंय ना. मग परत कागद कशाला?" व्यापाऱ्याने विचारले.

"त्यानं वाचलंय हे तुम्हाला ठाऊक आहे, भाऊ. मला ते कोर्टासमोर ठेवायचं आहे."

ई-मेल टपालाची जागा कधीतरी पूर्णपणे घेईल का, हा प्रश्न आपल्याकडे इंटरनेट आले तेव्हापासून, म्हणजे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी ही सेवा सुरू केली तेव्हापासून विचारला जात आहे. त्याचे उत्तर बहुधा वेगाच्या तुलनेत शोधले जाते: पत्राला दोन-तीन दिवस लागतात, ई-मेलला दोन-तीन सेकंद, तेव्हा निकाल ठरलेलाच. परंतु त्या व्यापाऱ्याचा ई-मेलही दोन-तीन सेकंदांतच पोहोचला होता आणि तरीही त्याला पोस्टात जावे लागले. याचा अर्थ असा की टपाल खाते मजकूर वाहून नेण्यापलीकडे आणखी काही काम करत असावे. ते कोणते, हे कळण्यासाठी आधी ई-मेल आणि पत्र यांचा प्रवास प्रत्यक्षात कसा होतो ते पाहावे लागेल.

ई-मेलची कल्पना बरीच जुनी आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीला जाळ्यातून संदेश पाठवला आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये आज आपण 'ॲट' म्हणतो ते चिन्ह ठेवले. पुढे १९८२ मध्ये संदेश पोहोचवण्याचे नियम एसएमटीपी या नावाने पक्के झाले आणि थोड्याफार सुधारणांसह तेच आजही चालू आहेत. हे नियम वाचताना गंमत वाटते, कारण ते आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टपालच होते. ई-मेललाही एक 'पाकीट' असते. त्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, आतील पत्रावर पुन्हा 'प्रेषक' आणि 'प्रति' लिहिलेले असते, आणि या दोन्ही ठिकाणचे पत्ते सारखेच असले पाहिजेत असे बंधन नसते. आपल्याला पडद्यावर दिसते ते आतील पत्र होय. पाकीट सर्व्हरच्या पातळीवरच फाडून टाकले जाते.

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने शहाद्याच्या मामांना ई-मेल लिहिला. 'पाठवा' म्हटल्यावर तो संदेश थेट मामांच्या फोनमध्ये जात नाही. तो प्रथम भाच्याच्या सेवा-कंपनीच्या सर्व्हरवर जातो. हा सर्व्हर मामांच्या पत्त्यातील 'ॲट'नंतरचा भाग घेऊन इंटरनेटच्या नोंदवहीत विचारतो की या नावाची टपाल कोणता सर्व्हर घेतो. उत्तर मिळाले की तो त्या सर्व्हरशी बोलू लागतो, त्याने होकार दिला की संदेश त्याच्या ताब्यात देतो, आणि तेथे तो मामा फोन उघडेपर्यंत पडून राहतो. पलीकडचा सर्व्हर बंद असेल तर पहिला सर्व्हर थांबून थांबून प्रयत्न करत राहतो. साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करावा आणि मग 'पोहोचला नाही' असे कळवावे, ही त्यातली रूढ पद्धत आहे. म्हणजे ई-मेलही हातोहात जात नाही, तो टप्प्याटप्प्याने, एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर जातो.

या मुक्कामांच्या खुणा पाहायच्या असतील तर कोणत्याही ई-मेलचा मूळ स्वरूपातील मजकूर उघडावा. वरच्या बाजूला अगम्य ओळींची एक उतरंड दिसते. प्रत्येक सर्व्हर संदेश हाती घेताना 'अमुककडून, अमुक वेळी मिळाला' अशी एक ओळ सर्वांत वर चिकटवतो, त्यामुळे प्रवास समजून घ्यायचा तर ती उतरंड खालून वर वाचावी लागते. पत्रावर निघाल्याचा आणि पोहोचल्याचा असे दोन तारखेचे शिक्के पडत, त्यांचेच हे भावंड. फरक एवढाच की खालच्या ओळी खोट्या लिहिता येतात, आणि त्या कोणी लिहिल्या याची जबाबदारी घेणारे एकच खाते नसते. खोटा प्रेषक ओळखण्यासाठी पुढे अनेक तपासण्या जोडल्या गेल्या: या नावाने पत्र पाठवण्याची परवानगी या सर्व्हरला आहे का, संदेशावर त्या कंपनीची गणिती मोहोर आहे का, वगैरे. परंतु त्या सगळ्या नंतर शिवलेल्या ठिगळांसारख्या आहेत. मूळ कापड विश्वासावर विणलेले होते.

आणि एक गोष्ट मूळ कापडात नव्हतीच, ती म्हणजे तिकीट. टपालाच्या इतिहासात १ ऑक्टोबर १८५४ हा दिवस महत्त्वाचा आहे, कारण तेव्हापासून हिंदुस्थानात पाव तोळ्यापर्यंतचे पत्र कितीही लांब जावो, अर्ध्या आण्याच्या तिकिटावर जाऊ लागले. पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे, अंतर मोजायचे नाही, हे तत्त्व साधे होते, पण त्यातून एक आपोआप चाळणी तयार झाली. पन्नास पैशांचे का असेना, कार्ड विकत घ्यावे लागे, त्यामुळे लाखो अनोळखी लोकांना उगाच पत्रे धाडणे कोणालाच परवडत नव्हते. ई-मेलमध्ये एक संदेश पाठवायला आणि दहा लाख पाठवायला जवळपास सारखाच खर्च येतो. स्पॅम तेथूनच जन्मले, स्पॅम आले म्हणून गाळण्या आल्या, आणि गाळण्या आल्या म्हणून खरी पत्रेही अधूनमधून कचऱ्यात जाऊ लागली. एका विमा कंपनीने माझ्या पॉलिसीच्या नूतनीकरणाची सूचना केवळ ई-मेलने पाठवली होती. ती मला मुदत टळल्यावर, लॉटरी लागल्याच्या दोन खुशखबरींच्या मधोमध सापडली. कंपनीच्या लेखी सूचना पोहोचलेली होती, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेही होते.

आता पत्राकडे वळू. शहाद्याच्या टपालपेटीत टाकलेले पत्र पेटी उघडण्याच्या वेळी पोस्टात येते, त्यावरील तिकिटावर शिक्का पडतो, ते थैलीत बांधले जाते आणि वर्गीकरणाच्या ठिकाणी जाते. खानदेशात या कामाचा जुना आधार भुसावळ आहे. रेल्वे डाक सेवेच्या 'एल' विभागाचे मुख्यालय तेथे आहे. एके काळी रात्रीच्या धावत्या गाडीत, डब्यातल्या खणांसमोर उभे राहून पत्रे छाटली, म्हणजे गावांनुसार वेगळी केली जात आणि सकाळी उजाडता उजाडता त्या त्या स्टेशनावर थैल्या उतरत. छाटणीचा मुख्य आधार म्हणजे पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील अधिकाऱ्याने केली, जे संस्कृत कवी म्हणूनही ओळखले जात. अमळनेरचा पिनकोड ४२५४०१ आहे. त्यातला पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा, पहिले तीन अंक मिळून छाटणीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष पोस्ट ऑफिस दाखवतात. हा छाटणीचा जिल्हा महसुली जिल्ह्याशी जुळतोच असे नाही. चाळीसगाव आणि पाचोरा जळगाव जिल्ह्यात असूनही त्यांचे पिनकोड धुळ्याप्रमाणे ४२४ ने सुरू होतात, उलट नंदुरबार जिल्हा वेगळा होऊनही जळगावच्या ४२५ मध्येच राहिला. टपालाचा नकाशा कलेक्टर कचेरीत न बनता थैल्यांच्या वाटेवर बनला, हे त्यावरून लक्षात येते.

शेवटचा टप्पा पोस्टमनचा, आणि माझ्या मते दोन्ही व्यवस्थांमधला खरा फरक येथेच आहे. ई-मेलचा पत्ता एका खात्याचा असतो. ते खाते कोण उघडते, दिवसातून किती वेळा उघडते, की चार वर्षांपूर्वी मुलाने नोकरीच्या अर्जासाठी काढून दिले आणि पासवर्ड विसरला गेला, हे सर्व्हरला माहीत नसते आणि माहीत असण्याची त्याला गरजही नसते. याउलट पाकिटावर "श्री. अमुक पाटील, मारुती मंदिराच्या मागे, मु. पो. तमुक, ता. चोपडा" एवढेच लिहिलेले असले तरी त्या गावचा डाकसेवक पाच अमुक पाटलांमधला नेमका कोणता ते जाणतो, तो सध्या सुरतेला मुलाकडे गेला आहे हेही जाणतो. देशात सुमारे एक लाख पासष्ट हजार पोस्ट ऑफिसे आहेत आणि त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास ग्रामीण भागात आहेत. त्यांपैकी बहुतेक शाखा डाकघरे म्हणजे कोणाच्या तरी ओसरीवरची एक टेबल-खुर्ची, एक वजनकाटा, शिक्क्यांचा डबा आणि अलीकडे एक मोबाइल यंत्र. पण त्या खुर्चीवरचा माणूस गावाला ओळखतो आणि गाव त्याला.

ही ओळख नेहमी पत्ता शोधण्यापुरतीच नव्हती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी सासुरवाशिणीला माहेरहून येणारे कार्ड, कोपऱ्याला हळदीकुंकू लागलेले लग्नाचे कार्ड, आणि कोपरा फाडलेले मरणाचे कार्ड, ही सगळी उघडी पत्रे होती. पोस्टमन दारात येण्याआधी त्याच्या चेहऱ्यावरून बातमीचा अंदाज बांधणारी माणसे मी पाहिली आहेत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना तो पत्र वाचूनही दाखवी. खाजगीपणाच्या आजच्या कल्पनेत हे बसणार नाही. मात्र साधा ई-मेलही वाटेतल्या सर्व्हरच्या मालकाला वाचता येतो, तेव्हा त्या बाबतीत तो बंद पाकिटापेक्षा पोस्टकार्डालाच जवळचा आहे, एवढी नोंद करून पुढे जाऊ.

कारण निरोपाच्या बाबतीत स्पर्धा केव्हाच संपली आहे आणि त्यावर फार शाई खर्चण्यात अर्थ नाही. खुशालीची पत्रे प्रथम एसटीडी बूथने आणि मग मोबाइलने संपवली, ई-मेलच्या वाट्याला ती फारशी आलीच नाहीत. १८८० पासून चालत आलेल्या कागदी मनीऑर्डरची जागा इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरने घेतली. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कार्यालयांमधला रोजचा पत्रव्यवहार मात्र खरोखर ई-मेलनेच नेला: भावपत्रके, निविदांची माहिती, बँकांची खातेपत्रके, परीक्षांची वेळापत्रके. रावेर-यावलच्या केळीचा दर उत्तरेतल्या व्यापाऱ्याला पत्राने कळवण्याचा विचारही आज कोणी करणार नाही. दुसऱ्या टोकाला, राखी, बियाण्याचे पाकीट, एटीएम कार्ड, वाहन परवाना यांसारख्या वस्तू ई-मेलने जाऊ शकत नाहीत, हेही उघड आहे. इंटरनेटवरील खरेदीमुळे पार्सले उलट वाढलीच. वादाचा प्रदेश या दोन टोकांच्या मध्ये आहे. जे कागदावर लिहिलेले आहे, म्हणजे तत्त्वतः ई-मेलने जाऊ शकते, आणि तरीही टपालाने पाठवले जाते, त्याचे काय?

येथे कायद्याच्या दारात जावे लागते, आणि ते दार वाटते तितके कंटाळवाणे नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार तुम्ही मला पत्राने सौदा देऊ केला आणि मी होकाराचे पत्र टपालात टाकले, तर ते पत्र माझ्या हातातून सुटले त्याच क्षणी तुम्ही बांधले गेलात, मग ते तुम्हाला चार दिवसांनी मिळो की वाटेत गहाळ होवो. मी स्वतः मात्र ते तुमच्यापर्यंत पोहोचल्यावरच बांधला जातो. दोन माणसांच्या मधला चार दिवसांचा अंधार कोणाच्या अंगावर पडणार, हे कायद्याने ठरवून टाकले, कारण मध्ये दोघांच्याही विश्वासाचा एक तिसरा होता.

फोन आल्यावर हा अंधार नाहीसा झाला आणि नवीनच पेच उभा राहिला. खानदेशाच्या शेजारी, वऱ्हाडातल्या खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीने आणि अहमदाबादच्या एका पेढीने २२ जुलै १९५९ रोजी ट्रंककॉलवर सरकी पेंडीचा सौदा केला. देकार अहमदाबादहून बोलला गेला, होकार खामगावहून. माल गेला नाही आणि अहमदाबादेत दावा लागला. फॅक्टरीचे म्हणणे असे की होकार खामगावात दिला, तेव्हा पत्राच्या नियमाने करार खामगावात झाला आणि दावाही तेथेच चालला पाहिजे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६५ च्या निकालात बहुमताने सांगितले की टपालाचा नियम टपालापुरता आणि तारेपुरताच. फोनवर होकार जेथे ऐकू येतो तेथे करार होतो, म्हणजे अहमदाबादेत. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत नोंदवले, की १८७२ च्या कायद्याची भाषा जशी आहे तशी वाचली तर होकार बोलणाऱ्याच्या हातून सुटला तेथेच करार पूर्ण होतो. सरकी पेंडीच्या एका सौद्याने हे दाखवून दिले की निरोपाचे साधन बदलले की 'कुठे' आणि 'केव्हा' हे प्रश्न नव्याने सोडवावे लागतात, आणि ते तंत्रज्ञाने सोडवायचे नसतात.

ई-मेलसाठी ते काम माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने केले. इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदाइतकीच मान्यता दिली, इलेक्ट्रॉनिक सहीला सहीइतकी. तेराव्या कलमात म्हटले आहे की संदेश पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरला की तो 'निघाला', आणि घेणाऱ्याने एखादा पत्ता या कामासाठी नेमून दिला असेल तर त्या पेटीत शिरताच तो 'मिळाला'. वाचला की नाही, हा प्रश्नच नाही. मात्र नेमून दिलेला पत्ता सोडून त्याच्याच दुसऱ्या एखाद्या पत्त्यावर पाठवला, तर त्याने तो उघडून घेईपर्यंत मिळाला असे धरले जात नाही. त्याहून मजेशीर तरतूद जागेबद्दल आहे. तुम्ही संदेश तोरणमाळच्या सहलीत बसून पाठवला असला तरी, वेगळे ठरले नसेल तर, तो तुमच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून निघाला आणि समोरच्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी मिळाला असे समजले जाते. ज्या साधनाला जागाच नव्हती, त्याला कायद्याने शेवटी पिनकोड असलेल्या पत्त्यावर नेऊन बसवले.

मग वकिलांनी रजिस्टर का मागितले? चेक न वटल्याच्या कलमात फक्त लेखी नोटीस हवी असे म्हटले आहे. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत ती द्यायची आणि मिळाल्यापासून पंधरा दिवस समोरच्याला पैसे भरण्यासाठी द्यायचे. त्यात टपालाचे नावही नाही. तेराव्या कलमातील अटी पूर्ण होत असतील तर ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवरची नोटीसही चालेल, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. पण 'होत असतील तर' हे सिद्ध करायचे कोणी? ते खाते त्याचेच होते, त्याने ते या व्यवहारासाठी दिले होते, संदेश त्या पेटीत खरोखर शिरला होता, आणि छापील प्रत बदललेली नाही, हे सगळे नोटीस देणाऱ्याला एकेक करून मांडावे लागते. टपालाच्या बाबतीत १८९७ चा सामान्य वाक्खंड अधिनियम हे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. त्याच्या सत्ताविसाव्या कलमाचा आशय असा की पत्ता बरोबर लिहून, तिकीट लावून, नोंदणी करून पत्र टपालात टाकले, तर ते नेहमीच्या वेळेत पोहोचले असे गृहीत धरायचे. नाही पोहोचले म्हणणाऱ्याने ते दाखवून द्यावे. सव्वाशे वर्षांहून जुनी ही एक ओळ रजिस्टरला ते वजन देते. स्वतंत्र नोंदणीकृत टपालसेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आणि नोंदणी ही त्यावर घ्यायची जादा सोय उरली, तरी वकिलांच्या आणि पक्षकारांच्या तोंडी 'रजिस्टर' कायम आहे, ते याच वजनामुळे.

न्यायालयांची सावधगिरी केवळ जुन्या सवयीतून आलेली नाही. पोलिसांनी हजर राहण्याची जी नोटीस द्यायची असते ती व्हॉट्सॲप किंवा तत्सम माध्यमातून देणे हे कायद्याने सांगितलेल्या पद्धतीला पर्याय नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्या नोटिशीकडे दुर्लक्ष झाले तर माणसाला अटक होऊ शकते, हे त्यामागचे कारण. आणि मृत्युपत्राला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याने आपल्या कक्षेबाहेरच ठेवले आहे, ते आजही कागदावर, सहीने आणि दोन साक्षीदारांसमोरच व्हावे लागते. जेथे चुकीची किंमत मोठी, तेथे कागद टिकून आहे, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

एवढे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की टपालाला पर्यायच नाही, तर तोही उतावीळपणा ठरेल. टपालाची सगळी इमारत पत्ता या एका खांबावर उभी आहे, आणि तो खांब सर्वांच्या घरासमोर नाही. दिवाळीनंतर नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतली कितीतरी आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि कित्येक महिने फडाजवळच्या झोपडीत राहतात. त्या झोपडीला घर क्रमांक नसतो. धडगावच्या पाड्यावर त्यांच्या नावाने आलेले पाकीट काही दिवस थांबते आणि परत जाते, पण खिशातला मोबाइल क्रमांक त्यांच्यासोबत फडापर्यंत जातो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला, हे खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. ओळख पत्त्यापासून सोडवून माणसाला चिकटवण्याची ती सुरुवात होती. तरी पुढे कोट्यवधी लोकांचे आधारपत्र घरी आले ते पोस्टमनच्याच हातून. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन ही दहा अक्षरांची पद्धत आणली, ज्यात साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला स्वतःचा संकेत मिळतो. सातपुड्यातल्या विखुरलेल्या पाड्यांना तिचा उपयोग होईल. ऊसतोडीच्या झोपडीला किती होईल, ते पाहायचे.

पूर्ण पर्याय उभा करता येतो का, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण डेन्मार्कचे आहे. तेथे १६२४ पासून चालत आलेली सरकारी टपाल कंपनीची पत्रवाटप सेवा ३० डिसेंबर २०२५ रोजी थांबली आणि रस्त्यांवरच्या दीड हजार लाल पेट्या काढून घेण्यात आल्या. २००० सालानंतर तेथील पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. बातमी वाचून अनेकांनी 'ई-मेल जिंकला' असे म्हटले, पण तसे झालेले नाही. डेन्मार्कने २०१४ पासून प्रत्येक प्रौढ नागरिकाला एक सरकारी डिजिटल टपालपेटी बंधनकारक केली, तिला सरकारी ओळखक्रमांकाशी जोडले, आणि त्या पेटीत पडलेले पत्र कायद्याने पोहोचलेले मानले. ज्यांना ती वापरता येत नाही त्यांना सूट ठेवली. म्हणजे त्यांनी ई-मेलला टपालाच्या जागी बसवण्याऐवजी टपालाचे नोंदणीचे वजन, पत्ता आणि जबाबदारी हे तिन्ही इलेक्ट्रॉनिक रूपात नव्याने बांधले. आणि एवढे करूनही, पत्र पाठवायचे असेल तर सोय असलीच पाहिजे, हा नियम त्यांनी ठेवला आहे. ते काम आता दुसरी एक खाजगी कंपनी करते. आपल्याकडे डिजिलॉकर हा त्या दिशेचा एक तुकडा म्हणता येईल, पण तो कागदपत्रे ठेवण्याचे कपाट आहे, नोटीस बजावण्याचे दार नव्हे.

दोन्ही व्यवस्था जोडण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९८२ मध्ये संगणकावरून आलेला मजकूर पोस्टात छापून पाकिटातून वाटण्याची सेवा काढली आणि तोटा सोसून १९८५ मध्ये बंद केली. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये ई-पोस्ट नावाने तशीच सेवा सुरू केली: संदेश इंटरनेटने शेवटच्या पोस्ट ऑफिसपर्यंत, तेथून पुढे पोस्टमनच्या झोळीतून. मला ही कल्पना तिच्या प्रसिद्धीच्या मानाने खूपच चांगली वाटते, कारण ती वेग जेथे हवा तेथे वेग आणि माणूस जेथे हवा तेथे माणूस ठेवते.

आणखी एक बाजू आहे, जिचा विचार ई-मेलच्या बाजूने बोलताना सहसा होत नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाच्या दालनात गेलात तर मोडीत लिहिलेली शेकडो वर्षांपूर्वीची पत्रे पाहायला मिळतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडत, कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या तळघरातून, वाळवी लागलेली दप्तरे गोळा करत. १९२६ मध्ये त्यांचे निधन धुळ्यातच झाले आणि त्यांचा संग्रह पुढे या संस्थेने सांभाळला. त्या पत्रांसाठी कोणी पासवर्ड ठेवला नव्हता, कोणी दरसाल वर्गणी भरली नव्हती; ती केवळ दुर्लक्षामुळे टिकली. ई-मेलचे नेमके उलट आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या मजकुरासह पुसून टाकण्यास गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. कागदाला दुर्लक्ष मानवते, ई-मेलला ते मारते. माझ्या वडिलांची मुंबईहून आजोबांना आलेली कार्डे पत्र्याच्या पेटीत आहेत, आणि माझा स्वतःचा पंचवीस वर्षांपूर्वीचा पत्रव्यवहार ज्या खात्यात होता, ते खाते आता उघडत नाही.

आता त्या नोटिशीचे काय झाले ते सांगतो. साधारण दहा-बारा दिवसांनी पाकीट वकिलांच्या कार्यालयात परत आले, न उघडलेले. व्यापाऱ्याचा चेहरा पडला; पोहोचलीच नाही, म्हणजे पैसे आणि मुदत दोन्ही गेले, असे त्याला वाटले. वकिलांनी पाकीट उलटे केले. मागच्या बाजूला बॉलपेनने, घाईघाईच्या अक्षरात, 'घेण्यास नकार' असे लिहिले होते, खाली तारीख आणि पोस्टमनची आद्याक्षरे. नाकारलेली नोटीस ही बजावलेली नोटीस समजली जाते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांचे छापील कागद फायलीत मागे गेले. वकिलांनी ते पाकीट न फोडता तसेच एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले, तिच्यावर केसचे नाव लिहिले आणि पंधरा दिवस मोजायला कॅलेंडर पुढे ओढले.